गोधडी शिवून झाली, आता गोट कसा लावू आणि भिंतीवर टांगू कशी?

निळी_चिमणी

नमस्कार मंडळी, शिवणातले बरेच जाणकार इथे असतात म्हणून विचारतेय. आईच्या आणि आत्याच्या जुन्या साड्यांची गोधडी घेतली होती शिवायला, ती या उन्हाळ्यात एकदाची झाली, म्हणजे मधलं सगळं झालं पण कडा तशाच उघड्या आहेत, गोट म्हणजे कडेची पट्टी लावायची राहिलीये. वर ठिगळं, त्यात दोन इरकलींचे काठ आणि थोडे खणाचे तुकडे, बाकी सगळं सुती, आत एक अख्खं नऊवारी दुमडून घातलंय आणि खाली मांजरपाट. सगळीकडे हाताचाच धावदोरा. रुंदी ५ फूट, उंची साडेपाच फूट, वजन अडीच किलोच्या आसपास भरलं.

ही पांघरायची नाहीये, हॉलमध्ये सोफ्याच्या मागच्या भिंतीवर लावायचीये. आता प्रश्न असे की एक तर फरशीवर पसरली की मधला भाग छान चापट बसतो पण कडा झालरीसारख्या उठतात, विशेषतः डावी बाजू. दुसरं म्हणजे सासूबाई म्हणतात वेगळा गोट कशाला, मांजरपाट पुढे मुडपून शिवून टाक, पूर्वी असंच करायचे. मला मात्र गडद गोट हवाय, फ्रेम केल्यासारखा दिसेल. मशीनवर लावू का हाताने? आणि तिसरं, टांगायची कशी? घर भाड्याचं, नाशिकला, मालकांनी दोन भोकांची परवानगी दिलीये, दोनच. आमच्या घरातल्या इंजिनिअरचं म्हणणं वरून चार खिळे ठोकले की झालं. मी त्यांना हातोडीच्या जवळ जाऊ देत नाहीये सध्या.

---

धावदोरा_काकू

चिमणीताई, अभिनंदन आधी. हाताने एवढी मोठी गोधडी पुरी करणारी माणसं कमी राहिलीत.

कडा उठतात त्याचं कारण सांगते. आपण शिवताना मधल्या भागात टाके दाट घालतो, प्रत्येक टाक्याला कापड केसभर गोळा होतं, म्हणजे मधलं आक्रसतं आणि कडेला टाके विरळ असले की तिथलं कापड आहे तेवढंच राहतं. त्यात इरकलीचा काठ कडेला आला असेल तर तो आणखी ताठ. तुमच्या डाव्या बाजूला बहुतेक तोच असणार. यावर गोट लावला तर लाट गोटासकट कायमची शिवली जाईल, त्यामुळे आधी ती काढा.

टेप घेऊन रुंदी तीन ठिकाणी मोजा, वरच्या कडेला, खालच्या कडेला आणि बरोब्बर मधून. उंचीचंही तसंच. खरं माप मधलं धरायचं. समजा मधून ६० इंच आणि वरच्या कडेला ६१ भरतंय तर तो जास्तीचा एक इंच कडेत जिरवायचा. दुहेरी दोरा घ्या, कडेपासून पाव इंच आत बारीक धावदोरा घाला, सगळ्या कडेने, आणि मग दोरा हलकेच ओढत तो इंच सगळीकडे सारखा पसरवा. चुण्या दिसता कामा नयेत, नुसतं आत ओढल्यासारखं झालं पाहिजे. एकाच जागी ओढलंत तर तिथे पिशवी होईल.

मग गोधडी जमिनीवर पसरा. आजकाल सगळ्यांकडे २ बाय २ च्या फरशा असतात, त्यांच्या रेघा म्हणजे फुकटचा गुण्या, सुताराचा काटकोन. वरची कड एका रेघेला लावा, डावी कड दुसऱ्या रेघेला, खाली जुनी पांढरी चादर नको, ती घातली की रेघाच दिसत नाहीत, फरशी स्वच्छ पुसून घ्या म्हणजे झालं. दोन्ही कर्ण मोजा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, दोन्ही सारखे आले तर चौकोन खरा. पाण्याचा फवारा मारून ओलसर करायची, भिजवायची नाही, हाताने थापटत कडा रेघेवर आणायच्या, कडेला पुस्तकं ठेवायची आणि पंखा लावून रात्रभर तशीच. पण थांबा, पाणी मारायच्या आधी इरकलीच्या आणि खणाच्या प्रत्येक रंगावर ओला पांढरा बोळा दाबून बघा. जुन्या लाल-जांभळ्यांचा भरवसा नसतो. बोळ्याला रंग लागला तर पाण्याचं नाव काढू नका, वर सुती कापड ठेवून नुसत्या कोमट इस्त्रीने दाबा, जरीवरून तर इस्त्री कधीच थेट नको.

आता गोट. सासूबाई म्हणतात ते चुकीचं नाही, रोजच्या पांघरायच्या गोधडीला तसंच करतात, पण त्यात कडेला कापडाचा एकच पदर येतो आणि तुम्हाला गडद हवाय म्हणताय तर वेगळी पट्टीच घ्या. सरळ धाग्याची कापा, तिरकी कापायची गरज गोल कडेला असते, आपली कड सरळ आहे, तिरकी पट्टी उगाच ताणते आणि परत लाटा. हिशोब असा की चारी बाजू मिळून ६० आणि ६६ चे दुप्पट, २५२ इंच, त्यात कोपरे आणि जोडासाठी १२ धरा, २६४. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४४ असेल तर सहा पट्ट्या लागतात पण जोडात कापड जातं म्हणून सात. नेहमीच्या पातळ गोधडीला अडीच इंचाची पट्टी पुरते, तुमच्यात आत नऊवारी आहे म्हणजे कड जाड, ३ इंच घ्या. सात त्रिक एकवीस, म्हणजे अर्ध्या मीटरपेक्षा जरा जास्तच, पाऊण मीटर सुती कापड आणा आणि आधी धुवून घ्या, गडद रंग आहे. पट्ट्या एकमेकींना तिरक्या शिवणीने जोडा, सरळ जोडल्या तर त्या जागी आठ पदर एकावर एक येतात आणि गाठीसारखं लागतं. मग उभी मधून दुमडून इस्त्री.

पुढच्या बाजूने मशीन, मागच्या बाजूने हात. पट्टीची उघडी कड गोधडीच्या कडेला लावून मशीनवर टीप मारा, १६ नंबरची सुई लावा, टाका मोठा ठेवा, दाबपट्टीचा दाब थोडा कमी करा. कोपऱ्याच्या अलीकडे, टीप कडेपासून जेवढी आत आहे तेवढं अंतर राहिलं की थांबा, दोरा तोडा. पट्टी सरळ वर उभी दुमडा, तिथे आपोआप तिरकी घडी पडते, ती बोटाने दाबून धरा आणि पट्टी पुन्हा खाली आणा, वरची दुमड गोधडीच्या कडेबरोबर टेकली पाहिजे, मग कडेपासून परत टीप. हे वाचून डोक्यात गोंधळ होईल, एकदा कागदाच्या पट्टीवर करून बघा, लगेच कळतं. सगळं फिरून आलं की पट्टी मागे वळवून हाताने बारीक हेमिंग, मशीनची टीप झाकली जाईल इतपत.

टांगण्यातलं मला फार कळत नाही, माझ्या गोधड्या पलंगावरच असतात. दुसरं कुणी सांगेल.

---

सोलापुरी_चादर

गोधडी भिंतीवर हे काही पटत नाही बुवा. पण असो, ज्याची त्याची आवड. सोप्पं करा, वरच्या कडेला त्याच गोटाच्या कापडाचे लूप शिवा सात-आठ, पडद्याला असतात तसे, आणि पडद्याच्या पाइपात ओवा. आमच्याकडे वाघ्या रंगाचं एक जुनं जेन, म्हणजे लोकरीचं घोंगडं, आहे ते असंच लावलंय, काही झालं नाही.

---

मिशिगनची_माई

सोलापूरकर, जेन एका पदराचं, त्याला लूप चालतात. अडीच किलोची गोधडी लूपवर लटकवली की सगळा भार त्या सात-आठ ठिकाणांवर येतो, दोन लूपमधलं कापड हळूहळू खाली झुकतं आणि वर्षभरात वरची कड कमानीकमानीची दिसायला लागते, शिवाय लूप शिवलाय तिथला जुना साडीचा धागा आधी तुटतो. खिळ्यांचं तेच, किंबहुना जास्त.

चिमणी, मी इकडे क्विल्टच्या गटात आहे बऱ्याच वर्षांपासून, इथे प्रदर्शनाला क्विल्ट द्यायची तर मागे कापडाची नळी शिवलेली असावीच लागते, साधारण ४ इंचाची, म्हणजे कुठलाही दांडा त्यात जातो. या नळीत गंमत अशी की भार पूर्ण रुंदीवर सारखा वाटला जातो आणि पुढून काहीच दिसत नाही. आपल्या गोधडीला तर ती उत्तम, कारण आपल्याकडे आत कापसाचा थर नसतो, साड्याच असतात, टाका पकडायला मजबूत.

करायचं कसं, तर उरलेल्या मांजरपाटाची पट्टी घे, ९ इंच रुंद आणि गोधडीच्या रुंदीपेक्षा दोन इंच कमी, म्हणजे तुझ्या बाबतीत ५८ लांब. दोन्ही टोकं मुडपून शिवून टाक, ५६ उरेल. मग लांबीतून दुमडायची, सुलट बाजू बाहेर, आणि उघड्या कडेला अर्ध्या इंचावर टीप. झाली साधारण ४ इंचाची नळी. उलटवायची गरज नाही, ती टीप मागे गोधडीच्या पोटाला लागून लपते.

आता दोन गोष्टी ज्या बरेच जण करत नाहीत. पहिली, नळी चापट शिवलीस तर दांडा आत गेल्यावर त्याची जाडी पुढच्या बाजूला येते आणि वरती आडवा फुगवटा दिसतो. म्हणून नळीला पोट ठेवायचं. इस्त्रीने घडी पाडताना भिंतीकडचा पदर गोधडीकडच्या पदरापेक्षा अर्धा इंच जास्त ठेव, मग दांड्याची जाडी भिंतीकडे जाते आणि पुढून सगळं सपाट. दुसरी, नळीची दोन्ही तोंडं. तिथे फक्त गोधडीला चिकटलेला पदर शिवायचा, तोंड उघडं राहिलं पाहिजे, पण तो पदर शिवायचा नक्की, नाहीतर दांडा सरकवताना तो नळीत न जाता नळी आणि गोधडी यांच्या मध्ये घुसतो आणि आपण विचार करत बसतो की असं वाकडं का लटकतंय.

जागा म्हणजे मागच्या बाजूला, वरच्या गोटाच्या लगेच खाली, अर्धा इंच सोडून. हाताने शिवायची, मशीनने अजिबात नाही. टाका मांजरपाटातून आणि आतल्या नऊवारीतून जावा, पुढच्या ठिगळापर्यंत पोचू नये. फक्त मांजरपाटाला धरलंस तर कालांतराने तो एकटाच ताणला जाईल. दर चार बोटांवर एक टाका जागच्या जागी दुहेरी घाल, म्हणजे एखादा दोरा तुटला तरी अख्खी शिवण उसवत जात नाही. वरची कड आणि खालची कड दोन्ही शिवायच्या.

---

निळी_चिमणी

माई, काकू, काय सांगू, मी वहीत उतरवून घेतलंय सगळं. डाव्या बाजूला इरकलीचाच काठ आहे, काकूंना फोटो न बघता कसं कळलं!! बोळा दाबून पाहिला, खणाच्या एका तुकड्याचा रंग सुटतोय, थोडासा गुलाबी. बाकी सगळे पक्के. म्हणजे पाणी नकोच ना? की मीठ-व्हिनेगर लावून रंग पक्का करता येईल, यूट्यूबवर सांगतात.

आणि दांडा कुठला? घरी सुताराने टाकलेली एक लाकडी पट्टी आहे, पॉलिश नाही, ती चालेल? की स्टीलचा पडद्याचा पाइप?

---

धावदोरा_काकू

मीठ-व्हिनेगरने जुन्या शिवलेल्या कापडाचा रंग पक्का होत नाही, ते सोडा. त्या तुकड्याला पाणी नको. रंग सुटणारा तुकडा ज्या बाजूला आहे तिथे कोरडी इस्त्री, बाकी कडांना फवारा अगदी हलका, आणि त्या तुकड्याभोवती तीन-चार इंच कोरडंच ठेवा. टांगणार आहात म्हणजे धुवायची वेळ येणारच नाही, ही टांगण्यातली चांगली बाजू मला आत्ता कळली.

---

ड्रिल_दादा

मी शिवणातला नाही, भिंतीतला. काही गोष्टी.

आधी भिंत कुठली ते बघा. वाजवून बघा, ठोकल्यावर भरीव दगडासारखा आवाज आला आणि बिल्डिंग नवी असेल तर मायव्हानची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली काँक्रीटची भिंत असू शकते, तिथे साधा स्टीलचा खिळा वाकतो किंवा उडून डोळ्यात जातो, हॅमर ड्रिलच लागतं. विटेची भिंत असेल तर सोपं. दोन्हीकडे ६ मिमीचा बिट, प्लग आणि दीड-दोन इंची स्क्रू, अडीच किलोला रग्गड झालं. प्लास्टरमध्येच प्लग बसवू नका, तो विटेत किंवा काँक्रीटमध्ये गेला पाहिजे. ते चिकटवायचे हुक येतात त्यांचा विचार करू नका, हुक टिकतो पण डिस्टेंपरचा पापुद्रा त्याच्याबरोबर निघून येतो आणि मग मालकाला काय सांगणार.

पडद्याच्या पाइपात अडचण ही की ब्रॅकेट दोन्ही बाजूला बाहेर दिसतात. तुम्हाला फ्रेमसारखं हवंय तर लाकडाची चापट पट्टी घ्या, दीड इंच रुंद आणि अर्धा-पाऊण इंच जाड, लांबी नळीपेक्षा जास्त पण गोधडीपेक्षा कमी. माईंची नळी ५६, गोधडी ६०, मग पट्टी ५८ ते ५९. नळीतून दोन्हीकडे जेवढी बाहेर येते तिथे एकेक भोक पाडा, ती भोकं भिंतीतल्या दोन स्क्रूंवर अडकवा. गोधडीची कड पुढे येते, काहीच दिसत नाही. दोन भोकांत काम झालं, मालक खूश. पट्टी उभी बसवायची, रुंदी वर-खाली, आडवी ठेवलीत तर मध्ये झोल येईल.

स्क्रू मारायच्या आधी लेव्हल लावा. मोबाइलवर असतो तोसुद्धा चालतो. छताकडे बघून मोजू नका, छत आणि फरशी एकमेकांना समांतर असतात हा बिल्डरने पसरवलेला गैरसमज आहे. आणि साहेबांना ड्रिल द्या खुशाल, हातोडीपेक्षा बरं.

---

मिशिगनची_माई

दादांची पट्टीची आयडिया बरोबर आहे, आम्हीही तेच करतो. फक्त कच्चं लाकूड नको चिमणी. लाकडातून आम्लं सुटत राहतात, आधी काही दिसत नाही पण काही वर्षांनी कापडावर दांड्याच्या आकाराचा पिवळा-तपकिरी डाग येतो आणि तो जात नाही. पट्टीला पॉलिश किंवा व्हार्निशचे दोन हात मार आणि पूर्ण वाळू दे, वास गेला पाहिजे. घाई असेल तर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळ पट्टीभर आणि वर धुतलेल्या मांजरपाटाचा एक पदर, तेवढंही पुरतं.

सोफ्यामागची भिंत म्हणालीस, तिथे ऊन येतं का? समोर बाल्कनी असेल आणि पश्चिमेची तर फार विचार कर. संग्रहालयांमध्ये जुन्या कापडांवर उजेड ५० लक्सच्या आसपास ठेवतात, म्हणजे जवळजवळ संधिप्रकाश. घरात तेवढं कुणी करत नाही, पण थेट ऊन पडायला नको. रंग एकदा उडाला की काहीच करता येत नाही. काही महिने लावायची, मग उतरवून सपाट ठेवायची, कापडालाही भारातून सुट्टी मिळते.

---

हल्याळकर

हा विषय बघून राहवलं नाही. मी हल्याळचा, आमच्याकडे घरात मराठी, बाजारात कन्नड. आमच्या तालुक्यात आणि यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी लोक आहेत, पोर्तुगीजांच्या काळात आफ्रिकेतून इकडे आणलेल्यांचे वंशज. त्यांच्या बायका जी गोधडी करतात तिला कवंदी म्हणतात. ती एका कोपऱ्यापासून सुरू होते आणि कडेकडेने गोल फिरत टाके मध्यावर येऊन संपतात. म्हणजे काकूंनी सांगितला तो कडा उठण्याचा प्रकार तिथे फारसा होत नाही, कारण कड आधीच बांधलेली असते आणि सैल कापड मध्याकडे सरकत जातं. चिमणीताईंना आता याचा उपयोग नाही, पुढच्या गोधडीला लक्षात ठेवा.

पण एक उपयोगाचं आहे. कवंदीच्या चारी कोपऱ्यांवर त्रिकोणी दुमडलेली ठिगळं लावतात, एकावर एक, रंगीत, त्यांना फुला म्हणतात. त्याशिवाय कवंदी उघडीबोडकी, असं त्या बायका मानतात. आणि दिसतात पण काय सुंदर. तुमच्या गोधडीचे कोपरे जरा कमजोर असतील, किंवा तिथे ठिगळ संपून मांजरपाट डोकावत असेल तर चार फुला लावून बघा, खणाचे उरलेले तुकडे असतीलच. चौकोनी तुकडा घ्यायचा, मधून तिरका दुमडायचा, परत तसाच दुमडायचा, टोक आत आणि उघड्या कडा बाहेर. उघड्या कडा गोटात जातात.

हाच त्रिकोण मागच्या बाजूला वरच्या दोन कोपऱ्यांत लावला तर छोट्या, हलक्या तुकड्याला नळीसुद्धा लागत नाही, काठीची दोन टोकं त्या खिशांत अडकवायची. पण ते दीड-दोन फुटांपर्यंत. ५ फुटांना नळीच.

---

सोलापुरी_चादर

फुला लय भारी. फोटो बघितले. माझा विरोध मागे, पण भिंतीवरच्या गोधडीमागे पाल राहते त्याचं काय ते कुणीच सांगत नाहीये. आमच्या जेनामागे एक कुटुंबच आहे.

---

ड्रिल_दादा

तुमचं जेन भिंतीला चिकटून असेल. पट्टीच्या मागे दोन्ही टोकांना अर्धा इंचाचा लाकडी ठोकळा लावा किंवा स्क्रूवर मोठे वॉशर घाला, गोधडी भिंतीपासून सुटी राहते, हवा खेळते. पालीला अंधारी चिंचोळी फट आवडते, ती रुंद झाली तर तिचा इंटरेस्ट कमी होतो, संपतो असं म्हणणार नाही. याचा जास्त फायदा पावसाळ्यात आहे. ती भिंत बाहेरची असेल, म्हणजे पलीकडे डक्ट किंवा उघडी बाजू, तर जुलै-ऑगस्टमध्ये ओल येतेच, डोळ्याला दिसत नसली तरी हात लावला की गार लागते. चिकटलेल्या कापडाला मागून बुरशीचे काळे ठिपके धरतात आणि ते दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. आतली भिंत निवडा शक्य असेल तर.

---

धावदोरा_काकू

दादा अगदी बरोबर बोलले. मी तर म्हणते आषाढापासून उतरवूनच ठेवा, दसऱ्याला परत लावा, ताजी दिसते. ठेवताना घडी घालू नका, जुन्या जरीचा काठ घडीवरच तुटतो. कापडाच्या दुकानातून पुठ्ठ्याची नळकांडी मागून आणा, त्यावर जुनी धुतलेली चादर गुंडाळा आणि मग गोधडी, ठिगळाची बाजू बाहेर. वर सुती कापड, प्लॅस्टिक नाही. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका, काळी पडते. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून बाजूला ठेवा.

धूळ काढायला झटकायची नाही. व्हॅक्युम असेल तर तोंडाला जुना पातळ मोजा बांधून कमी जोरावर, वरून खाली. नसेल तर मऊ ब्रश.

आणि फुलांबद्दल, हल्याळकर, छान सांगितलंत. फक्त चिमणीताई, जाडीचा विचार करा. कोपऱ्यात आधीच नऊवारीचे पदर, त्यावर फुलाचे चार पदर, त्यावर गोटाचे दोन, आणि गोटाची तिरकी घडी. मशीनची सुई तिथे मोडणार. मी असते तर फुला पातळ सुती साडीचे केले असते, खणाचे नाही, किंवा आतल्या नऊवारीचे पदर कोपऱ्यात जरा छाटले असते, टीप मारायच्या आधी. आणि कोपऱ्यातले दोन इंच मशीन सोडून हातानेच उलटी टीप घातली असती, दाभण लागली तरी बेहत्तर. अंगुस्तान घाला बोटात.

---

निळी_चिमणी

बापरे, किती शिकले. भिंत आतली आहे, पलीकडे आमचीच बेडरूम, ऊन दुपारी तीननंतर सोफ्याच्या हातापर्यंत येतं, भिंतीपर्यंत नाही. कर्ण मोजले तर एक सव्वा इंचाने जास्त आहे. फरशीच्या रेघेवर ठेवल्यावर कळलं की खालची उजवी बाजू बाहेर पळतेय. ती ओढून बसेल की कापू?

शेवटचा प्रश्न. मागे नावाची चिठ्ठी शिवायची आहे, कुणाच्या साड्या, कुठलं वर्ष वगैरे. ती कशावर लिहू म्हणजे राहील? आणि नळी आधी की गोट आधी, माई?

---

मिशिगनची_माई

सव्वा इंच एवढ्या मोठ्या हाताच्या गोधडीला काहीच नाही, कापू नकोस. फवारा मारून आखूड पडलेला कर्ण दोघांनी दोन टोकं धरून हळू ओढा, पाऊण इंच तरी निघेल. उरलेलं डोळ्याला दिसणार नाही, वरची कड सरळ आणि आडवी असली की बाकीचं माफ असतं.

क्रम असा. कडा सपाट करणं आणि चौकोन, मग चिठ्ठी आणि फुला, मग गोट, मग नळीची खालची कड. नळीची वरची कड गोटातच घेता येते, म्हणजे गोट मशीनवर लावायच्या आधी नळीची उघडी बाजू मागच्या वरच्या कडेला कच्च्या टाक्यांनी लाव आणि गोटाची टीप दोन्हीतून जाऊ दे. तुझी कड जाड आहे म्हणून मी आधी हे सांगितलं नव्हतं, सुईला झेपत असेल तर कर, कारण वरची शिवण मशीनची झाली की ती सहजी उसवत नाही. नाही झेपलं तर आधी सांगितलं तसं, दोन्ही कडा हाताने.

चिठ्ठीसाठी मांजरपाटाचाच तुकडा. कपड्यावर लिहायचं कायमच्या शाईचं पेन मिळतं, लिहून झालं की वरून कापड ठेवून गरम इस्त्री फिरव. त्याहून पक्कं हवं असेल तर अक्षरं पेन्सिलीने काढून एका धाग्याने उलट्या टिपेत भर. कुणाची कुठली साडी हे नक्की लिही, आईची कुठली आणि आत्याची कुठली. जमलं तर छोटा नकाशाच काढ, चौकोन पाडून. मागच्या बाजूला खालचा उजवा कोपरा घे, चिठ्ठीच्या दोन बाजू गोटात जाऊ देत आणि उरलेल्या दोन हाताने शीव. नुसती वरून चिकटवलेली असली की कुणीतरी कधीतरी काढतं.

---

धावदोरा_काकू

चिठ्ठीचं कापड आधी धुवा हं. आटलं तर गोधडी तिथे गोळा होते. आणि गोटाला गडद म्हणजे नेमका कुठला रंग घेताय ते सांगा, काळा नका घेऊ, इरकलीच्या जांभळ्याला मारतो. वांगी रंग बघा.